अडखळतो तेव्हा घड्याळाकडे बघा

या वेळच्या टपालात लॅपटॉप अडखळण्याबद्दलचीच पत्रं सर्वांत जास्त आहेत. त्यांतली चार निवडली. चौघांनीही जवळजवळ तेच शब्द वापरले आहेत, ‘गेम अडकतो’, ‘व्हिडिओ झटके मारतो’. पण चौघांच्या लॅपटॉपमध्ये एकच बिघाड असेल असं मला वाटत नाही. म्हणून ही पत्रं शेजारी शेजारी छापते आहे.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा गेमिंग लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून गेम सुरू केला की पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, मग दर थोड्या वेळाने चित्र थबकतं, आवाज खरखरतो आणि पुन्हा चालू होतं. व्हिडिओ बघतानाही होतं, नेट चांगलं असूनही. विंडोज नव्याने टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर तीनदा बदलला, रॅम ८ जीबीची १६ केली. काही फरक नाही. मित्र म्हणतात ग्राफिक्स कार्ड गेलं. घरी नवीन लॅपटॉप मागायची हिंमत होत नाही.

उत्तर : तुझ्या पत्रातल्या दोन वाक्यांखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. ‘पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही’ हे एक, आणि ‘व्हिडिओ बघतानाही होतं’ हे दुसरं. ग्राफिक्स कार्ड गेलंय असं समजून घरात बोलू नकोस. या दोन वाक्यांवरून तरी तसं दिसत नाही.

आधी अडखळणं म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण मंद चालणं वेगळं आणि अडखळणं वेगळं. साधा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात पुढचं चित्र तयार झालं नाही, तर स्क्रीन आधीचंच चित्र पुन्हा दाखवतो. आता असं समज की एका सेकंदात ५५ फ्रेम, म्हणजे चित्रं, प्रत्येकी १४.५ मिलिसेकंदांत झाल्या आणि एकीला २०० मिलिसेकंद लागले. गेमच्या कोपऱ्यातला एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हा आकडा ५६ दाखवणार. आकडा बघून वाटेल, सगळं उत्तम आहे. डोळ्यांना मात्र बारा चित्रांइतका वेळ एकच चित्र गोठलेलं दिसलं. म्हणून एफपीएसच्या सरासरीवर विसंबू नकोस. गेममध्ये किंवा मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘वन पर्सेंट लो’ असा आकडा मिळत असेल तर तो बघ. सर्वांत वाईट फ्रेम कशा गेल्या ते त्यात दिसतं.

आता तुझं दुसरं वाक्य. गेम चालवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही घाम गाळत असतात. व्हिडिओचं तसं नाही. दाबून पाठवलेला व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळी जागाच राखलेली असते आणि ते काम फारच कमी विजेत होतं. इतकं हलकं काम आणि इतकं जड काम दोन्ही अडखळतात, तेव्हा गेमच्या सेटिंग्ज चाळण्यात अर्थ नसतो. दोघांच्या खाली जे समान आहे तिथे बघायचं : उष्णता, वीज, डिस्क, किंवा मध्येच सगळ्यांना थांबवून ठेवणारा एखादा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचा एकेक भाग चालवणारा प्रोग्रॅम.

चाचणी अशी कर. डाउनलोड केलेला एक व्हिडिओ डिस्कवरून लाव आणि एअरप्लेन मोड चालू कर. याने दोन गोष्टी एकदम बाद होतात, इंटरनेट आणि वायफायचा ड्रायव्हर. एअरप्लेन मोडमध्ये अडखळणं पूर्ण थांबलं तर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून घेऊन टाक. तेवढ्यावर काम होईल. थांबलं नाही, तर पुढे चल.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलास की ‘स्पीड’ म्हणून गिगाहर्ट्‌झमध्ये एक आकडा दिसतो. गेम खिडकीत चालव, हा आकडा शेजारी ठेव आणि हातात घड्याळ घे. अडखळलं की वेळ लिही आणि आकडा लिही. लॅपटॉप रिकामा बसलेला असताना आकडा कमी असणं साहजिक आहे, त्याने घाबरू नकोस. गेम जोरात चालू असताना तो ३.५ वरून एकदम ०.८ किंवा ०.४ वर आला, तर मात्र कुणीतरी प्रोसेसरला लगाम घातला आहे. आवाज खरखरतो तोही बऱ्याचदा याच कारणाने. आवाजाचे तुकडे वेळेत पोचवायलाही प्रोसेसरला फुरसत मिळत नाही.

लगाम कुणी घातला हे तापमानावरून कळतं. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम घे, त्यात तापमान आणि वेग दोन्ही एका ठिकाणी दिसतात. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. गेम खेळताना ८५ अंश हे गेमिंग लॅपटॉपला नवं नाही. अडखळण्याच्या क्षणी तापमान त्या मर्यादेला टेकलेलं असेल तर कारण उष्णता. पण तापमान ६० आहे आणि वेग तरीही ०.८ वर पडला, तर लॅपटॉप कितीही उघडून साफ केलास तरी उपयोग नाही. तिथे वीज बघायची.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण माझा स्वतःचा एक महिना यात गेला आहे. माझ्या कामाचा लॅपटॉप असाच अडखळायला लागला. एकोणीस वर्षं मी लॅपटॉप दुरुस्त करते आहे, त्यामुळे उष्णताच असणार असं मी धरूनच चालले. दोनदा उघडला, दोनदा थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता पत्र्याकडे नेणारा लेप, बदलली, फॅन बदलला. तिसऱ्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि मग पहिल्यांदा आकडे बघितले : तापमान ५८, वेग ०.७८. मूळ चार्जर १३० वॅटचा होता. तो बिघडल्यावर मी ६५ वॅटचा वापरायला घेतला होता, पिन तीच होती, बॅटरीही चार्ज होत होती. लॅपटॉपला हवी तेवढी वीज मिळत नव्हती आणि स्वतःला वाचवण्यासाठी तो वेग पाडत होता. योग्य चार्जर लावला त्या मिनिटाला सगळं सुरळीत झालं. तेव्हापासून माझ्या टेबलावर कुणाचाही अडखळणारा लॅपटॉप आला की तो उघडण्याआधी मी चार्जर मागते.

म्हणून तुला विचारते, दोन महिन्यांपूर्वी काय बदललं? चार्जर बदललास का? होस्टेलमध्ये कुणाचा टाइप-सी चार्जर वापरतोस का? चार्जरवरच्या पट्टीवर ‘आउटपुट’ समोर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार कर. १९.५ व्होल्ट आणि ७.७ अँपिअर म्हणजे १५० वॅट. गेमिंग लॅपटॉपना साधारण तिथपासून पुढेच लागतात, आणि सर्रास मिळणारा टाइप-सी चार्जर ६५ वॅटचा असतो. काही कंपन्यांच्या जुन्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातूनच लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. ती सुई वाकली किंवा केबल आतून तुटली तर योग्य चार्जरही अनोळखी ठरतो आणि वेग तळाला जातो. एकदा चार्जर काढून फक्त बॅटरीवर व्हिडिओ लावून बघ. चार्जरशिवाय नीट आणि चार्जर लावल्यावर अडखळत असेल, तर आणखी शोधायची गरज नाही.

तुझ्या घड्याळातल्या नोंदी आणखी एका ठिकाणी ताडून बघता येतात. इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये जा आणि ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ची ३७ क्रमांकाची नोंद शोध. प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमने, रोखला असं ती नोंद सांगते, वेळेसकट. तुझी वेळ आणि तिची वेळ जुळली तर मित्रांशी वाद घालायची गरजच उरत नाही.

आणि कारण उष्णता निघालं तर? पहिली सात-आठ मिनिटं ठीक जातात, त्यावरून तीही शक्यता मोठी आहे. तांब्याच्या नळ्या आणि पत्रा तापायला तेवढा वेळ लागतोच. गेम चालू असताना हवा बाहेर पडते त्या झरोक्यापाशी हात धर. फॅनचा आवाज मोठा आणि हवा मात्र नावाला, असं असेल तर फॅन आणि पत्र्यांच्या जाळीच्या मधे धुळीची गादी बसली आहे. ती बाहेरून दिसत नाही. बाहेरून फुंकर मारली तर ती सुटून पुन्हा आतच पडते. लॅपटॉप बंद करून, मागचं झाकण काढून, बॅटरीची पिन सोडवून ती चिमट्याने अलगद उचलायची. हवेचा फवारा वापरणार असशील तर फॅनची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंगला इजा होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नकोस, त्याच्या स्थिर विजेने पार्ट जाऊ शकतो.

पेस्ट बदलायच्या आधी तुझ्या मॉडेलमध्ये काय आहे ते शोध. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. त्यातून वीज वाहते आणि ते ॲल्युमिनियम खातं. ते असेल तर स्वतः हात लावू नकोस. मेमरीच्या चिपांवर मऊ थर्मल पॅड असतात, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही, मधली फट भरत नाही.

झाकण उघडायच्या आधीही एक खात्री करता येते. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के कर. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि उष्णता आणि वीज दोन्ही बरीच उतरतात. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, तेव्हा गेममध्ये एफपीएसची मर्यादा ६० किंवा ४५ वर बांध. एवढ्याने अडखळणं थांबलं तर ग्राफिक्स कार्ड बहुधा ठणठणीत आहे आणि दोष उष्णतेचा किंवा विजेचा असणार. परीक्षा जवळ आली असेल आणि लॅपटॉप उघडायला वेळ नसेल, तर तोवर असाच वापर.

रॅम वाढवलीस ते वाया गेलं नाही, पुढे उपयोगी पडेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. २०१७ साली घेतलेल्या लॅपटॉपवर यूट्यूबवर जुनी व्याख्यानं आणि माहितीपट बघतो. पूर्वी छान दिसायचे, आता क्वालिटी वाढवली की चित्र अडखळतं. शिवाय कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा तर नेहमीच थरथर जाणवते. लॅपटॉप बाद झाला का?

उत्तर : काका, लॅपटॉप बाद झालेला नाही. तुमच्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली एक तर दोषच नाही.

पहिली आधी. व्हिडिओ नेटवरून येतो तो दाबून, घडी घालून येतो, आणि ती घडी घालायच्या पद्धती बदलत जातात. आधी एच.२६४ होती, मग व्हीपी९ आली, आता एव्ही१. घडी जितकी घट्ट, तितकी ती उलगडायला मेहनत जास्त. लॅपटॉपच्या चिपमध्ये त्या त्या पद्धतीची उलगडणारी जागा असेल तर काम सहज होतं. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो धापा टाकतो. तुमच्या लॅपटॉपच्या काळातल्या, इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरला व्हीपी९ येतं, एव्ही१ येत नाही. ते २०२० मध्ये अकराव्या पिढीपासून आलं. म्हणजे तुमचा लॅपटॉप आहे तसाच आहे, व्हिडिओ बदलले आहेत.

खात्री करायची तर चालू व्हिडिओवर माउसची उजवी कळ दाबा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. उघडलेल्या चौकटीत ‘कोडेक्स’ समोर एव्ही०१ ने सुरू होणारं काही दिसलं तर वर सांगितलं तेच कारण. तिथेच ‘फ्रेम्स’ समोर ‘ड्रॉप्ड’ असा आकडा असतो. व्हिडिओ अडखळताना तो भराभर वाढत असेल तर चित्रं गळताहेत. तो स्थिर आहे आणि व्हिडिओ थांबून गोल चक्र फिरतंय, तर दोष नेटचा.

उपाय सोपा आहे, क्वालिटी ७२० किंवा १०८० ठेवा. मनाला वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपचे स्क्रीन १३६६ बाय ७६८ चे आहेत, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. फोर-के व्हिडिओत सुमारे ८३ लाख ठिपके असतात. लॅपटॉप आठपट काम करून शेवटी तेवढंच चित्र दाखवतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा पर्याय चालू आहे ना, तेही बघा. तो बंद असेल तर चिपला येत असलेली पद्धतसुद्धा लॅपटॉप वापरत नाही.

आता आडव्या फिरणाऱ्या कॅमेऱ्याची थरथर. सिनेमा आणि पुष्कळ माहितीपट सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतात, आणि तुमचा स्क्रीन ६० वेळा बदलतो. ६० ला २४ ने भाग जात नाही. मग एक चित्र तीन वेळा दाखवायचं, पुढचं दोन वेळा, पुन्हा तीन, पुन्हा दोन, असं करून हिशोब जुळवतात. एक चित्र ५० मिलिसेकंद थांबतं आणि दुसरं ३३. माणूस बसून बोलत असताना हे कळत नाही, कॅमेरा डोंगराच्या रांगेवरून सरकला की लगेच कळतं. तुम्हाला ते दिसलं, म्हणजे तुमची नजर चांगली आहे. १२० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा दाखवता येतं, तिथे ही थरथर नसते. तेवढ्यासाठी नवीन लॅपटॉप घ्यावा असं मी सुचवणार नाही.

प्रश्न : तापमान ठीक, स्पीडही पडत नाही, चार्जर मूळचाच. तरी गेम आणि गाणी दोन्ही क्षणभर टचकन थांबतात, जवळजवळ घड्याळ लावल्यासारखी, दर तीस-चाळीस सेकंदांनी. व्हिडिओमध्येही तेच. काय राहिलं?

उत्तर : इतकी काटेकोर तपासणी करून पत्र लिहिलंत, आनंद वाटला. ‘घड्याळ लावल्यासारखी’ हाच धागा धरा. उष्णतेला असं वेळापत्रक नसतं. ठरावीक अंतराने उठून काहीतरी विचारणारा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर असणार.

लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालू ठेवा आणि गाणं लावून द्या. कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसरला किती वेळ धरून ठेवलं ते तो नावानिशी दाखवतो. एनडीआयएस दिसलं तर संशय नेटवर्कवर, एनव्ही अक्षरांनी सुरू होणारं लांबलचक नाव दिसलं तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर. एसीपीआय दिसलं तर बॅटरी, फॅन, दिवे यांची विचारपूस करणाऱ्या भागावर. माझ्या टेबलावर हे शेवटचं बऱ्याचदा निघतं. कीबोर्डचे दिवे आणि फॅन सांभाळणारा कंपनीचा प्रोग्रॅम मागे चालू असतो, तो सारखा सेन्सरना विचारत राहतो आणि प्रत्येक विचारण्याला सगळी यंत्रणा क्षणभर खोळंबते. तो बंद करून बघा. मग लॅपटॉपच्या कंपनीचं बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट आहे का ते बघा, कारण असे दोष तिथेच दुरुस्त होतात. बायॉस टाकताना चार्जर लावलेला हवा आणि मध्येच बंद करायचं नाही.

तापमान मोजायला घेतलेला प्रोग्रॅमही सेन्सरना विचारतच असतो. मोजणी झाली की तो बंद करून पुन्हा एकदा गाणं ऐका.

फक्त गेमच, तोही नव्या जागी गेल्यावर पहिल्यांदाच अडखळतो आणि दुसऱ्यांदा त्याच जागी नीट चालतो, असं दोन वाचकांनी लिहिलं आहे. त्यांच्यासाठी इथेच सांगते. नव्या गेममध्ये ग्राफिक्सचे छोटे छोटे प्रोग्रॅम, शेडर, त्या त्या क्षणी तयार होतात आणि साठवून ठेवले जातात. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर नाही. गेम सुरू होताना ‘शेडर तयार होताहेत’ अशी पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर बदलला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून होतं, म्हणून दर आठवड्याला ड्रायव्हर बदलू नका.

प्रश्न : माझ्या मुलाचा लॅपटॉप गेम आणि व्हिडिओमध्ये अडकतो. अडकला की दहा-दहा सेकंद सगळंच थांबतं, माउस हलतो पण काही उघडत नाही, मग एकदम सगळं पुढे पळतं. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. लॅपटॉपमध्ये आमचे पाच वर्षांचे फोटो आहेत. बदलावा का?

उत्तर : थांबा. मदरबोर्डला हो म्हणण्याआधी त्यांना एकच विचारा, तुम्ही काय मोजलंत? वीस मिनिटं भार टाकून तापमान आणि वेग बघितला असेल, डिस्कची तब्येत बघितली असेल, तर ते आकडे दाखवतील. आकडे नसतील तर तो अंदाज आहे.

‘माउस हलतो पण काही उघडत नाही’ हे वाचून मला डिस्कची शंका येते. प्रोसेसर जागा आहे, पण तो ज्याची वाट बघतोय ते डिस्क देत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कवर जा. अडकलेल्या वेळी ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्के आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र शून्याजवळ असेल, तर डिस्क एकाच जागी अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतो. फिरती हार्ड डिस्क असेल तर ‘रिॲलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी बघा. त्यांच्या पुढे ‘रॉ व्हॅल्यूज’ या रकान्यातला आकडा शून्याहून जास्त असेल आणि दर दिवशी वाढत असेल, तर ती डिस्क फार दिवस टिकणार नाही. तब्येत चांगली असली तरी फिरती डिस्क हळूच असते, सेकंदाला १०० एमबीच्या आसपास. साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, ५०० च्या वर जाते. मुलाच्या गेमसाठी तोच एक बदल सर्वांत जास्त जाणवेल, मदरबोर्डला हात न लावता.

पण हे सगळं उद्या. आज रात्री लॅपटॉपवर गेम नको, व्हिडिओ नको, कसलीही तपासणी नको. टचपॅड वर आलेलं किंवा तळाचं झाकण फुगलेलं दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे, तेव्हा चार्जर लावू नका आणि लॅपटॉप सुरूही करू नका. तसाच नेऊन द्या, बॅटरी काढली की फोटो डिस्कवरून घेता येतात. तसं काही नसेल तर बाहेरची डिस्क जोडा आणि फोटोंचा फोल्डर तिच्यावर उतरवायला लावा. एखाद्या फाइलवर अडकला तर ती सोडून पुढची घ्या, अडलेल्या फाइली शेवटी. उतरलेले फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि मगच लॅपटॉप कुणाच्या हातात द्या.